वऱ्हाडात गाडी कुठे लावायची?

जून 2022 च्या पहिल्या आठवड्यात अमरावती जिल्ह्यातलं लोणी आणि अकोला जिल्ह्यातलं माना या दोन गावांदरम्यान रात्रंदिवस डांबर पडत होतं. 3 जूनला सुरू झालेलं काम 7 जूनला थांबलं, तेव्हा 105 तास 33 मिनिटांत एका मार्गिकेचा 75 किलोमीटरचा सलग पट्टा तयार झाला होता. त्याची नोंद गिनीज बुकात झाली. वर्षानुवर्षं रखडलेला आणि खड्ड्यांनी बदनाम झालेला हा रस्ता मोकळा झाला, तेव्हा वऱ्हाडाने खरोखर सुटकेचा श्वास घेतला.

रस्ता सुधारल्यावर आणखीही एक गोष्ट घडली. अमरावतीहून अकोल्याला जायला आता दीड-दोन तास पुरतात, त्यामुळे वाटेत थांबायचं कारण उरलं नाही. पुढे समृद्धी महामार्ग आला. 701 किलोमीटरचा हा मार्ग 5 जून 2025 रोजी मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला. तो अमरावती जिल्ह्यातून जातो, कारंज्याजवळून जातो. पण त्यावरच्या गाड्यांना वऱ्हाड खिडकीतूनच दिसतं. नागपूर सुटलं की छत्रपती संभाजीनगर, तिथून शिर्डी, असा हिशेब बहुतेक प्रवासी मनात धरून निघतात. मधल्या प्रदेशाला आपल्याकडे बघायला वेळ असलेला पाहुणा हवा आहे.

असा पाहुणा हल्ली चाकांवरचं घर घेऊन फिरतो. कॅरॅव्हॅन म्हणा किंवा कॅम्परव्हॅन. आत दोन-चार माणसांची झोपायची सोय, छोटा ओटा, सिंक, शौचालय, पाण्याची टाकी आणि छतावर सौर पॅनेल. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्यात अशा गाड्यांबरोबर त्या मुक्कामाला लावायच्या कॅरॅव्हॅन पार्कचाही विचार आहे. पाणी, वीज, रस्ता आणि सांडपाण्याची व्यवस्था असलेली जागा, सरकारी किंवा खासगी जमिनीवर, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून चालवायची, अशी ती कल्पना. त्याच वर्षी केरळनेही आपलं धोरण आणलं आणि पुढच्याच वर्षी वागमोणला पहिलं कॅरॅव्हॅन पार्क सुरू केलं.

गाडी घेण्याआधी कायदा मात्र समजून घ्यावा. जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेतला, गल्लीतल्या सुताराकडून पलंग ठोकून घेतला आणि निघालो, असं चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे आणि नोंदणीही त्या प्रकारात व्हावी लागते. ज्यांना एवढ्या भानगडीत पडायचं नाही त्यांनी भाड्याने गाडी घ्यावी. पुण्या-मुंबईत अशा गाड्या मिळतात.

तर अशी गाडी अमरावतीत आली. ती लावायची कुठे?

जुन्या अमरावतीत तिला शिरता येत नाही आणि तिने शिरूही नये. नऊ-दहा फूट उंचीची गाडी परकोटाच्या दरवाजांखालून आणि गल्ल्यांतल्या लोंबत्या तारांखालून न्यायला निघालेला माणूस तासाभरात रडकुंडीला येईल. सायन्सकोर मैदान किंवा नेहरू मैदानाच्या आसपास परवानगीची जागा शोधावी, गाडी लावावी आणि पायी निघावं. हे शहर पायीच समजतं.

परकोटाचं बांधकाम 1807 मध्ये निजामाच्या अमलात सुरू झालं. कारण साधं होतं. अमरावतीत पैसा होता आणि आसपास पेंढारी होते. व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि कापसाच्या वखारी राखायला वीस ते सव्वीस फूट उंचीची, सव्वादोन मैल घेराची दगडी भिंत उभी राहिली. तिला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. अंबागेट, नागपुरी गेट, भुसारी गेट ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली की पुरतात. खिडकी म्हणजे इथे माणसाला जाण्यापुरता लहान दरवाजा. त्यातल्या एकीचं नाव खुनारी खिडकी. 1818 मध्ये तिच्याजवळ झालेल्या दंग्यात सातशे माणसं मारली गेल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. भिंतीला पाठ लावून आता घरं आणि दुकानं उभी आहेत. दगडांच्या सांध्यांतून पिंपळाची रोपं वर आली आहेत. सातशे मृत्यूंची आठवण नावात धरून बसलेल्या जागेजवळ दोन ओळींचा धड फलक हवा, एवढी अपेक्षा कुणालाही जड वाटू नये.

याच गॅझेटियरांत आणखी एक नोंद आहे, आणि चाकांवरच्या प्रवाशाला ती जवळची वाटेल. 1842 मध्ये अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून तो रस्त्याने कलकत्त्याकडे पाठवला, असं सांगतात. रेल्वे यायला अजून पंचवीस वर्षं होती. पाचशे मैलांहून लांबची ती वाट. एवढ्या जनावरांना रोज पाणी, चारा आणि मुक्काम लागत असणार. वाटेवर पडाव होते, विहिरी होत्या, आमराया होत्या, म्हणूनच तो माल निघू शकला. 1867 च्या सुमारास रेल्वे वऱ्हाडातून पुढे नागपूरला गेली, त्याआधीच अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इथल्या कापसाला सोन्याचा भाव आणला होता, आणि अकोला-अमरावतीच्या आजच्या रस्त्यांची, पेठांची ठेवण त्याच पैशाने ठरली. मुक्कामाची व्यवस्था हा या प्रदेशाचा जुना धंदा आहे. तो विसरला गेला, इतकंच.

संध्याकाळी वडाळीला जावं. वडाळी आणि छत्री ही दोन्ही तळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधली गेली. वडाळीच्या जंगलाला लागून वनखात्याचं बांबू उद्यान आहे. महाराष्ट्रातल्या शहरी बागांमध्ये त्याची जागा फार वरची आहे. गवताच्या कुळातली ही वनस्पती किती रूपं घेते ते इथे एका फेरीत दिसतं. साठाहून अधिक जाती लावलेल्या आहेत. मेळघाटात घराघरांत वापरला जाणारा भरीव मानवेल, काटेरी आणि जाड कटांग, पिवळ्या खोडावर हिरव्या रेघा ओढलेला शोभेचा बांबू, आणि मुठीत न मावणारे परप्रांतातले राक्षसी बांबू. वारा सुटला की बेटं एकमेकांवर घासतात आणि दार करकरल्यासारखा आवाज करतात. मुलांना घेऊन आलेल्या आईबापांनी इथे दोन तास ठेवावेत आणि जातींच्या पाट्या वाचत हिंडावं. मेळघाटातल्या लवादा इथलं संपूर्ण बांबू केंद्र ज्यांना पुढे बघायचं आहे, त्यांना ही बाग पाठ्यपुस्तकासारखी उपयोगी पडेल. तिथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी कोरकू कारागिरांच्या हाताला बांबूचं काम दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. 1914 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीला गेलं आणि तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. भल्या पहाटे मैदानावर मुलं-मुली घाम गाळताना दिसतात. मल्लखांबावर चढणाऱ्या पोरांकडे बघताना नव्वद वर्षांपूर्वीची ती बोटीची सफर डोळ्यांपुढे आणता येते. त्यानंतर शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेची जुनी दगडी इमारत बघावी. 1923 मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने शंभरी ओलांडली आहे. आणि भूक लागली की गिला वडा. अमरावतीबाहेर तो नीट मिळत नाही, त्यामुळे इथे टाळू नये.

एवढं फिरून झाल्यावर पाहुणा हमखास विचारतो, इथलं म्युझियम कुठे आहे? इथे यजमान गप्प होतात.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या तोडीचं सार्वजनिक वस्तुसंग्रहालय अमरावतीतही नाही आणि अकोल्यातही नाही. नागपूरचं ते संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, 1863 चं. तेव्हापासून विदर्भात जे सापडलं ते बरंचसं तिकडे गेलं. मूर्तिजापूरजवळच्या राजनापूर खिनखिनी या लहानशा गावी राष्ट्रकूटकाळाच्या आसपासच्या जैन कांस्यमूर्तींचा साठा मिळाला. भारतातल्या जैन धातुशिल्पांचा अभ्यास करणाऱ्याला हे नाव टाळता येत नाही. अकोला जिल्ह्यातल्या शाळकरी पोराला मात्र आपल्या तालुक्याचं हे वैभव बघायचं तर दोनेकशे किलोमीटर जाऊन नागपूरचं तिकीट काढावं लागतं. वर्धेच्या काठावरच्या कौंडण्यपुरात मोरेश्वर दीक्षितांनी उत्खनन केलं, त्यावर ग्रंथ निघाला. पण रुक्मिणीचं माहेर म्हणून तिथे जाणाऱ्या भाविकाला मातीखाली काय निघालं ते कुणी सांगत नाही. मूर्ती नागपुरात सुखरूप राहिल्या हे भलंच झालं. तरी उत्तम प्रतिकृती, मोठी छायाचित्रं आणि चार जाणती माणसं एवढ्या भांडवलावर दोन्ही शहरांत चांगलं दालन उभं राहू शकतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 मध्ये बसमध्येच संग्रहालय थाटून ते शाळांच्या दारी न्यायला सुरुवात केली. एका बसमध्ये मावतं ते एका जुन्या वाड्यात का मावू नये?

दालन होईपर्यंत वऱ्हाडाचं संग्रहालय उघड्यावर आहे, आणि ते बघायला कॅरॅव्हॅनइतकं सोयीचं वाहन नाही. यातल्या बऱ्याच जागांजवळ धड हॉटेल नाही. सकाळच्या उन्हात जे बघायचं त्यासाठी आदल्या रात्रीच तिथे पोचलेलं असावं लागतं.

उत्तरेला परतवाड्यापर्यंत सरळ रस्ता आहे, नंतर चिखलदऱ्याचा घाट. लांब गाडी असेल तर हा घाट दिवसाउजेडीच चढावा. वर सुमारे 1100 मीटर उंचीवर थंड हवा, कॉफीची झाडं, वनखात्याचं संग्रहालय आणि शासकीय बाग. पर्यटन विकास महामंडळाचं पर्यटक निवासही आहे. शेजारी गाविलगड. बहमनी सुलतान अहमदशहाच्या काळात, 1425 च्या सुमारास बांधलेला हा किल्ला 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला. त्याच्या दिल्ली दरवाजावर कोरलेला दुतोंडी पक्षी, गंडभेरुंड, जरूर बघावा. पुढे मेळघाट. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. जंगलात वाटेल तिथे गाडी लावून झोपता येत नाही. वनखात्याची परवानगी आणि ठरलेली जागा, याला पर्याय नाही, आणि तो मागूही नये.

अकोटवरून शहानूरला आलं की नरनाळा. अकोला जिल्ह्याने अभिमानाने दाखवावी अशी एक वस्तू निवडायची तर ती नरनाळ्याचा महाकाली दरवाजा. 1487 मध्ये फतेउल्ला इमादुल्मुल्काने तो बांधला. हाच पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक ठरला. फिकट रंगाचा वालुकाश्म, त्यावर कमळं, दोन्ही बाजूंना पुढे आलेले झरोके आणि वर रेखीव अरबी अक्षरांच्या ओळी. अक्षरांचे उभे दंड ओळीने वर गेलेले दिसतात आणि त्यांच्या गुंतागुंतीतून डोळा सहजी सुटत नाही. दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांच्या ओवऱ्या आहेत, त्यांत दुपारीही गारवा असतो. गडावर तळी आहेत आणि नऊगजी तोफ आहे. पण वेळ कमी असेल तर तो सगळा या दरवाजाला द्यावा.

शहानूरहून खाली उतरताना एक व्यवहाराची गोष्ट. गाडीची पाण्याची टाकी पायथ्याशीच भरून घ्यावी. खाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा सुरू होतो. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतल्या शेकडो गावांत भूगर्भातलं पाणीच खारं आहे. बोअर मारला तरी पाणी तोंडात घेववत नाही, पिकाला दिलं तर जमीन बिघडते. अकोल्याची 84 खेडी पाणीपुरवठा योजना याच दुखण्यावरचा उपाय होता. पाहुण्याने टाकी भरताना हे लक्षात ठेवावं. जिथे गावाला पिण्याचं पाणी मोजून मिळतं, तिथे आंघोळीसाठी शंभर लिटर मागणं शोभत नाही.

अकोल्यात गाडी पुन्हा शहराबाहेरच्या अंगाला लावावी. मोर्णेच्या काठावरचा असदगड औरंगजेबाच्या काळातला. वजीर असदखानाच्या नावावरून त्याला हे नाव मिळालं. दहीहांडा वेशीवरचा लेख 1697 चा आहे. 1870 च्या सुमारास इंग्रजांनी किल्ल्याची तटबंदी पाडली, तरी बुरुज राहिले आणि आतल्या हवाखान्यात पुढे शाळा भरली. महापालिकेसमोरची गांधी-जवाहर बाग आणि नेहरू पार्क या शहराच्या हवेच्या जागा. पण अकोल्याची खरी बाग म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा परिसर. देशाचे कृषिमंत्री राहिलेल्या देशमुखांचं नाव घेऊन 20 ऑक्टोबर 1969 रोजी हे विद्यापीठ सुरू झालं. दरवर्षी इथे शिवार फेरी होते. शेतकरी प्रक्षेत्रावर हिंडतात, उभं पीक बघतात, शास्त्रज्ञांना आडवेतिडवे प्रश्न विचारतात. कापसाचं ‘रजत’ वाण किंवा देशी कापसाचं एकेए 8401 यांचं नाव ज्यांनी बियाण्याच्या पिशवीवरच वाचलं, त्यांनी ते जिथे घडलं ती जागा बघावी. कापसावर उभ्या राहिलेल्या प्रदेशाला याहून जिवंत संग्रहालय कुठलं असणार?

पश्चिमेला अर्ध्या-पाऊण तासावर बाळापूर. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहाच्या नावाशी जोडलेला. पूर्ण केला तो एलिचपूरच्या इस्माइलखानाने 1757 मध्ये. विटांच्या उंच भिंती अजून ताठ आहेत. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. काळ्या दगडाची, पंचवीस फूट चौरस, तेहतीस फूट उंच. पुरंदरच्या तहामुळे ज्याचं नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतं, त्या राजाची खूण इथे नदीच्या पुराशी झुंजत उभी आहे हे कितीजणांना ठाऊक असतं?

मूर्तिजापूरच्या शकुंतलेबद्दल लिहिताना हात जड होतो. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही नॅरोगेज गाडी कापसासाठी आली आणि गरिबांची सोय होऊन राहिली. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 पर्यंत धावत होतं. रूळ स्वातंत्र्यानंतरही जुन्या खासगी कंपनीच्या मालकीचेच राहिले. गेली काही वर्षं गाडी बंद आहे. ती सुरू करावी ही मागणी रास्तच आहे. तोवर मूर्तिजापूर स्थानकात तिचं छोटं संग्रहालय करायला कुणाची हरकत असू नये.

या सगळ्या फिरण्याला ऋतूचं बंधन आहे. दिवाळी ते होळी, एवढेच दिवस आपले. मे 2024 मध्ये उष्णतेमुळे अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना कलम 144 लावावं लागलं होतं. तसल्या उन्हात पत्र्याच्या गाडीत राहणं जिवावर बेतेल.

आणि लोक? लोकांची अडचण मुळीच नाही. पेट्रोल पंपावर गाडी थांबली की “भाऊ, यातच राह्यता का तुमी?” असं विचारत चार माणसं जमतात, आत डोकावतात, बाया स्वयंपाकाचा ओटा बघतात, कुणी शेतातली संत्री आणून देतो. ढाबेवाला रात्री गाडी लावू देतो. पण ढाब्याच्या भरवशावर बाई-माणसांनी, म्हाताऱ्यांनी किती रात्री काढायच्या? सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करायची? याचं उत्तर नसल्यामुळे ते पाणी शेवटी कुणाच्या तरी बांधावर नाही तर नाल्यात जातं. ज्या मातीत गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, त्या अमरावती जिल्ह्यात हे चालवून घेऊ नये.

मार्ग अवघड नाही. अकोल्याहून तासाभरावर असलेल्या शेगावला गजानन महाराज संस्थान रोज हजारो माणसांची वाहनं, मुक्काम आणि स्वच्छतागृहं शिस्तीत सांभाळतं. कॅरॅव्हॅन पार्कला त्याच्या शतांशही खटाटोप लागत नाही. सहा गाड्या मावतील एवढी सपाट जागा, गोड्या पाण्याचा नळ, विजेचं मीटर, शौचखड्ड्याला जोडलेलं गटार, दिवा आणि रात्रीचा राखणदार. अमरावतीत वडाळीच्या बाजूला, अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या अंगाला, शहानूरला नरनाळ्याच्या पायथ्याशी आणि बाळापुरात नदीच्या पूररेषेबाहेर अशा चार जागा झाल्या, तर वऱ्हाडाची पाच-सहा दिवसांची फेरी आपोआप तयार होते. धोरण 2021 पासून कागदावर आहे. दोन्ही महापालिकांनी आणि दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी या हिवाळ्यात निदान एकेक जागा नेमून द्यावी, खुनारी खिडकीजवळ आणि बाळापूरच्या छत्रीपाशी मराठीत नीट फलक लावावेत. अमरावती-अकोल्याच्या वाचकांनी आपापल्या नगरसेवकाला हे लेखी विचारावं, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकांनी समृद्धीवरून जाताना यंदा एकदा कारंज्याला खाली उतरावं.